जावयाच्या घोडीचा साज

लिओटा मावशी आपल्या जावयाशी अकरा वर्षं एक शब्द बोलली नव्हती. तिला कुणी बोल लावू शकत नव्हतं, कारण सासूने जावयाशी बोलू नये ही आम्हा शायेन आदिवासींची जुनी रीत. आता ती पाळतंय कोण? आमच्या बर्नी गावातल्या सासवा जावयांना खुशाल सरपण फोडायला लावतात. मावशीला मात्र ती रीत आयतीच सापडली होती. जावई कॉर्डेल आमच्या जुन्या वैऱ्यांच्या, क्रो जमातीचा, हा त्याचा पहिला गुन्हा. दुसरा मोठा. बर्फाच्या दिवसांत तो चालवत असलेली गाडी नाल्यात गेली आणि मावशीची एकुलती लेक ट्रेसा कायमची लंगडी झाली.

तो घरात आला की मावशी भिंतीकडे तोंड करून मणी ओवत बसायची आणि कुत्र्याशी बोलायची.

"बिस्किटा, काही लोकांना पाय पुसायला शिकवलेलंच नसतं बघ."

कॉर्डेल मागे जाऊन पाय पुसायचा.

"आता काय उपयोग, बिस्किटा!"

"आई, पुरे की गं," ट्रेसा म्हणायची.

"मी कुणाला काय म्हटलं? मी माझी रीत पाळतेय."

पण ती मोडायचीही एक रीत आहे. जावयाने चारचौघांत सासूला घोडा दिला की बोलणं मोकळं होतं. चार जुलैच्या पॉववॉवला, आमच्या नाचगाण्याच्या मेळ्याला, भर रिंगणात कॉर्डेल एक करडी घोडी घेऊन आला आणि लगाम मावशीपुढे धरला. अख्खी जमात बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. मावशीने लगाम घेतला.

"आई, मला त्या गाडीबद्दल..." तो म्हणाला.

मावशी ट्रेसाकडे वळली. "याला सांग, मी फुकटचं घेत नाही. परतफेड झाली की बोलेन."

घोड्याचा साज करण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. तो सगळा हिवाळा ती छातीपट्टा आणि मुखसाज करत बसली. हरणाचं कमावलेलं कातडं, पांढऱ्या मण्यांची जमीन, त्यावर निळे-पिवळे त्रिकोण. आमची शिवण ओळीओळीने फुगीर उठते. क्रो लोकांची सपाट बसते. लांबूनही ओळखू येते. कातडं ताणून धरायला मी असायचे. दोरा ती असा खेचायची की मीच दचकायचे.

"मावशी, कातडं फाटेल."

"फाटू दे. त्याचा गळा समजून ओढतेय."

साज झाला आणि तिने निरोप धाडला, परतफेड हीच, पण ऑगस्टमध्ये क्रो लोकांच्या जत्रेत, त्यांच्याच मिरवणुकीत, त्याने हा साज चढवून घोडीवर बसायचं. तेव्हा कुठे तिचा डाव माझ्या लक्षात आला. घोड्यांच्या साजाचा त्यांना केवढा गर्व! त्यांच्यातला एक जण शायेनांचं काम मिरवत निघणार!

"हसतील त्याला," मी म्हटलं.

"मग मी कशाला चाललेय तिथे? बघायलाच ना!"

आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. कॉर्डेल आला. त्याचाच काका ओरडला, "काय रे, शायेनांनी धरून नेलं वाटतं तुला? सुटलास कसा?" लोक पोट धरून हसले. कॉर्डेलचे कान लाल झाले, पण घोडीची चाल बदलली नाही. मिरवणूक रोज सकाळी असते. एकदा बसून अट फिटली असती. तो जत्रेचे चारही दिवस बसला.

चौथ्या दिवशी उतरून तो मावशीसमोर आला. "आता बोलू?"

"बोल."

"बर्फ होता, पण बर्फामुळे झालं नाही ते. मी जोरात हाकत होतो. ट्रेसा हळू चल म्हणत होती. मी ऐकलं नाही."

ट्रेसाने खाली बघितलं. इतकी वर्षं तिने आईला बर्फाचंच कारण सांगितलं होतं.

"हे मला तेव्हाच ठाऊक होतं," मावशी म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"मला माफ करा, आई."

"ऐकलं मी. माफ नाही केलं." मग घोडीच्या खांद्याकडे बोट दाखवून ती ओरडली, "आणि पट्टा डावीकडे काचतोय तिला! चार दिवस वर बसून एवढंही दिसलं नाही, आंधळ्या?"

कॉर्डेल पट्टा सैल करायला लागला. मावशीने त्याचा हात झटकून दूर केला आणि स्वतःच सोडवला. साज तिने ट्रेसाच्या हवाली केला, घोडी आपल्याकडे ठेवली.

दुपारी तंबूत जेवताना मात्र त्याचं ताट तिने स्वतः वाढलं. त्यात नुसती हाडं होती.