कुसुमआजीने मागे न घेतलेला अर्ज

मुलांनो, कुसुमआजी गेल्याला महिना झाला. पेपरातल्या श्रद्धांजलीत 'पक्षाचा आधारस्तंभ' असं छापलं होतं, म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत की ती पक्षात नेमकं काय करायची... ती निवडणुकीचा अर्ज भरायची आणि मागे घ्यायची.

पक्ष म्हणजे आपलंच घर. माझे थोरले दीर भाऊसाहेब अध्यक्ष, त्यांचा मुलगा सरचिटणीस आणि कागदपत्रं माझ्याकडे, कारण मी इंग्रजी शिकलेली. उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर हाताशी दुसरा असावा म्हणून 'डमी' ठेवतात. आमची डमी कायम कुसुमवहिनी, भाऊसाहेबांची बायको. तिच्या अर्जावर सूचक मी. अर्ज, माघार आणि माघारीचा कागद मी नेऊन द्यावा असं अधिकारपत्र, तिन्हींवर तिच्या सह्या मी एकाच दिवशी घेऊन ठेवायचे. मला सगळं वेळेआधी तयार लागतं.

मग सुभानपुऱ्याचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, की तिथल्या बायका वर्षानुवर्षं वहिनीकडेच यायच्या. भाऊसाहेबांनी उमेदवारी सुनेला दिली. ती पोस्टरवर शोभते, म्हणाले. वहिनी पुन्हा डमी. अर्ज भरून उतरताना जिन्यात ती मला म्हणाली, "शालू, या वेळी मी मागे घेणार नाही. तू फक्त गप्प राहा."

मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी भाऊसाहेबांना सांगितलं. घरातच दोन उमेदवार म्हणजे पक्ष फुटला, असं ते म्हणाले. मला ते पटलंही. माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्या सहीचा तो माघारीचा कागद निवडणूक कचेरीत नेऊन दिला.

मुदत संपल्यावर वहिनी चिन्ह घ्यायला आली, इस्त्रीची साडी नेसून. यादीत तिचं नाव नव्हतं. तिने यादी दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं काम फार व्यवस्थित असतं हं."

सून जिंकली आणि वर्षाच्या आत नवऱ्यासकट मोठ्या पक्षात गेली. मागोमाग भाऊसाहेबांनीही तिथला हार गळ्यात घालून घेतला. विलीनीकरणाचं पत्र मीच टाइप केलं.

वहिनी माझ्याशी बोलायची थांबली नाही. कढी केली की वाटी यायची. मी माफी मात्र कधी मागितली नाही.

शेवटची भेट हॉस्पिटलमधली. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म मी तिच्यापुढे धरला. तिने चष्मा मागून घेतला, दोन्ही बाजू वाचल्या, सही केली. मी हात पुढे केला, तर तिने कागद गुजराती नर्सकडे दिला.

"बेन, तुम्हीच न्या. हिच्याकडे देऊ नका."