दुधावरचा आळ

माझं रक्त बी निगेटिव्ह आहे हे मला दिवस राहिल्यावर, चेन्नईत कळलं. तोवर शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातलं माझं ओळखपत्र मला खुशाल बी पॉझिटिव्ह म्हणत होतं, कारण नोकरीला लागताना मी भावाचा गट सांगून मोकळी झाले होते. सख्ख्या बहिणीचा वेगळा कशाला असेल? डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि नवऱ्याचा गट विचारला. नवरा पॉझिटिव्ह. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला नीट समजावलं. बाळ बापावर गेलं तर तेही पॉझिटिव्ह असणार. पहिल्या खेपेला सहसा काही होत नाही. पण बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं, आईचं रक्त त्याला परकं समजतं आणि पुढच्या वेळेसाठी दबा धरून बसतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्याच्यावर तुटून पडतं. हे टाळायला बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन घ्यायचं, बस्स.

दुसरी एखादी घाबरली असती. मला आपल्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एक तर बाळ येणार म्हणून मी आधीच जमिनीपासून चार बोटं वर चालत होते, त्यात आता आपलं रक्तही दुर्मीळ निघालं! शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, पण इथे आपण काहीतरी वेगळ्या आहोत असं मला फार वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गटाची एकदोन माणसं नजरेत असू द्या, वेळेला धावाधाव नको. आम्ही त्याच दिवसापासून कामाला लागलो. नवरा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता. कंपनीच्या बसमध्ये शिफ्ट संपवून आलेली माणसं माना टाकून झोपलेली असत, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या गळ्यातली ओळखपत्रं उलटून रक्तगट वाचत फिरायचा. एकदा एकाला जाग आली आणि त्याने आधी खिशावर हात ठेवला. मग खरं काय ते कळल्यावर त्यानेच अख्ख्या बसला उठवलं, आणि मागच्या सीटवर एक बी निगेटिव्ह वेल्डर सापडला. मला आमच्याच मजल्यावर जेवणाच्या रांगेत एक मुलगी सापडली. तिला मी मिठीच मारली. तिला बिचारीला वाटलं, आपण हिला ओळखायला हवं होतं.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. आई आमच्या माणदेशातल्या गावी होती. मी एका दमात सांगत सुटले, की पहिल्याला काही होत नाही, पुढच्यांना कावीळ होते, पण आता इंजेक्शन निघालंय, तू काळजी करू नकोस. मग आई म्हणाली, "मी येते." बाळंतपणाला येणारच होती, पण ती सातव्या महिन्यातच येऊन दाखल झाली. तिच्या ट्रंकेत मेथीचे लाडू होते, जुन्या लुगड्यांची दुपटी होती, आणि दुपट्यांखाली बाळाच्या दुधाच्या पावडरीचे तीन डबे होते.

डबे पाहिले आमच्या घरमालकीणबाईंनी. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, तीन पिढ्या चेन्नईत. त्यांची मराठी इतकी जुनी, की ऐकल्यावर आपली परवाची वाटायची, आणि चाल सगळी तमिळची. आम्ही त्यांना मामी म्हणायचो. मामी रोज दुपारी खाली येऊन आमच्या स्वयंपाकघरात बसत आणि फळीवर काय आहे ते मनमोकळेपणी बघत.

"अगो, हे डबे कोणास?" त्यांनी आईला विचारलं. "बाळास? आई असतां बाळास डबा कशास? वेंडाम, वेंडाम." आणि नको नको म्हणत त्यांनी तिन्ही डबे हाताने मागे सारले.

आईने ते पुन्हा पुढे ओढले. "आमच्यातलं दूध पोरास्नी सोसत न्हाई," ती म्हणाली.

मी शेळीच्या दुधावर वाढले हे मला ठाऊक होतं. भाऊ चिडला की मला शेळीची म्हणायचा. पण का वाढले हे मी कधी विचारलं नव्हतं आणि आईने कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तिने ते मामींना सांगितलं, माझ्याकडे न बघता. भावाच्या पाठीवर तिला एक मुलगा झाला. धडधाकट दिसत होता, पण दिवस मावळायच्या आत पिवळा पडला आणि गेला. मग एक मुलगी झाली. तीही तशीच गेली. माझ्या आजीने आणि सुइणीने मिळून ठरवलं की हिचं दूध नासलंय. थोरल्याच्या वेळी चांगलं होतं, मग कुणाची तरी नजर लागली आणि बिघडलं. माझ्या वेळी त्यांनी धोका पत्करला नाही. नाळ कापल्याबरोबर मला उचलून चुलतीच्या खोलीत नेलं आणि दारात शेळी आणून बांधली. मी जगले. झालं, गावाला पुरावा मिळाला. दूधच वाईट होतं, त्याशिवाय का ही जगली?

"आणि तू यावर विश्वास ठेवलास?" मी ओरडलेच. मला राग आला की आवाज आवरत नाही.

"दोन पोरं गेली की," आई म्हणाली. "तूच फोनवर म्हणालीस, पुढच्यांना कावीळ हुतीया. तवाच माझ्या ध्यानात आलं, तू माझ्यावर गेलीयास. मग दूधबी माझंच आलं असणार. पोरी, तू पाजू नगंस. माझं एवढं ऐक."

मामींनी आईचा हात धरला. माझ्या डोक्यात एकदम लख्ख काहीतरी पेटलं होतं. पहिला नीट, पुढचे दोन पिवळे! हे तर मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. पुढच्या तपासणीला मी आईला धरून घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तमिळ आणि इंग्रजीत विचारत होत्या, मी मराठीत आईला विचारत होते आणि उत्तर परत फिरवत होते. पहिला मुलगा नीट होता? होता. पुढची दोन्ही बाळं कधी पिवळी पडली? पहिल्याच दिवशी. आईचा रक्तगट कोणता? आईला कुणी कधी विचारलाच नव्हता. लॅब शेजारीच होती. आईने दंड पुढे केला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो जिन्यातच उघडला. बी निगेटिव्ह.

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. भाऊ पॉझिटिव्ह, त्याच्या जन्माच्या वेळी आईचं रक्त सावध झालं. पुढची दोन्ही बाळंही तशीच असणार, त्यांच्यावर ते तुटून पडलं, आणि तेही पोटात असतानाच. दुधाचा पहिला थेंब तोंडात जायच्या आधीच सगळं सुरू झालेलं होतं. इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण माझ्या मनात शंका नाही.

"आणि मी?" मी विचारलं. "मी कशी जगले?"

"तू निगेटिव्ह," त्या हसून म्हणाल्या. "आईसारखीच. तिच्या रक्ताला तुझ्यात परकं काही सापडलंच नाही. तू तिचं दूध प्यायली असतीस तरी जगली असतीस."

मी सात महिन्यांचं पोट घेऊन खुर्चीतून उठलेच. ज्या रक्ताचं मला चार महिने नुसतं कौतुक वाटत होतं, त्याच रक्तामुळे मी मुळात या जगात होते! आणि शेळी? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि श्रेय शेळीने खाल्लं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तीस वर्षं माझ्या आईने दोन मुलांचा आळ आपल्या अंगावर वागवला होता, आणि तिचा काडीचा दोष नव्हता. मी हे तिला मराठीत सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. रिक्षात बसल्यावर इंजिनच्या वरताण ओरडून सांगितलं. शेवटी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्याने आरशातून आईकडे बघून मान हलवली. आई दांडी धरून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर मामींना सांगितलं. त्यांनी टाळीच वाजवली. "मी बोलले की नाही? दुधास कधी दोष असतो काय?" असं म्हणून त्या वर जाऊन केळ्याची शिक्रण करून घेऊन आल्या. आईने वाटीभर खाल्ली, वाटी धुतली आणि दुपट्यांच्या घड्या घालत बसली. डबे फळीवरच राहिले. मला तिचा रागच आला. एवढी मोठी गोष्ट कळली, आणि ही बाई हसत नाही, रडत नाही! मी नवऱ्यापाशी चरफडले. तो म्हणाला, तीस वर्षांचं ओझं आहे, तू म्हणालीस म्हणून लगेच कसं उतरेल? मला ते पटलं नाही. मला सगळं आत्ताच्या आत्ता लागतं.

मुलगी झाली भल्या सकाळी. नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली, पॉझिटिव्ह, बापावर गेलेली. वेल्डर निरोपाची वाट बघत खाली येऊन बसला होता, पण त्याच्या रक्ताची गरज पडली नाही. मला त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं. दुखलं, पण ते टोचताना मी चक्क हसत होते. माझ्या पुढच्या बाळावर कुणी तुटून पडणार नव्हतं, आणि त्यासाठी एका सुईपलीकडे काही लागत नव्हतं. आईच्या वाट्याला हे का आलं नाही, असंही तेव्हाच मनात आलं. नर्सने मुलीला माझ्या छातीशी लावलं. आई कॉरिडॉरमध्ये निघून गेली. पुढचे दोन दिवस ती तेच करत होती. मुलगी कुरकुरली की तिला बाहेर काहीतरी काम निघायचं.

तिसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी मुलीला हातांवर घेऊन उभी होती. एकाएकी तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पलंगाची दांडी घट्ट धरली. "पिवळी पडलीया," ती म्हणाली. "डबा आणा म्हणून सांग जावयास्नी. आत्ता सांग."

मुलीच्या नाकावर आणि कपाळावर खरंच पिवळसर झाक होती. माझं सगळं शहाणपण एका क्षणात गळालं. मी घंटी दाबली ती सोडलीच नाही. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मुलीचं कपाळ बोटाने दाबून पाहिलं, टाचेतून रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत आई दांडी धरून उभीच होती. मीही मुलीला छातीला लावायची हिंमत केली नाही, हे खरं आहे. रिपोर्ट आला तो साधा होता. बहुतेक बाळांना होते तशी कावीळ, पहिल्या दिवसाची नव्हे, आपोआप उतरणारी. उपाय काय? जास्त वेळा पाजायचं. जितकं दूध पोटात जाईल तितकी लवकर उतरेल.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा इचार."

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हती, पण एवढं त्यांना कळलं. त्या आईपाशी गेल्या आणि आपल्या अडखळत्या हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, दूध ही दवा है."

त्या गेल्यावर मी मुलीला घेतलं. आई या वेळी बाहेर गेली नाही. स्टूल ओढून माझ्या अगदी गुडघ्याला लागून बसली. मुलगी धडपडायला लागली तशी तिने हात पुढे केला. "आशी न्हाई, मान वर घे तिची. हां." मुलगी लागली. घोट गिळल्याचा आवाज खोलीत ऐकू यायला लागला. मला पुन्हा इतका जोर चढला की काय सांगू! मी म्हणाले, "बघ! म्हणत नव्हते मी? तुझं दूध चांगलं होतं, आई. पहिल्यापासून चांगलं होतं."

आई मुलीच्या गालाची हालचाल बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "तू पल्याडच्या खोलीत भुकेनं रडायचीस. हिकडं माझी चोळी भिजून जायची, अन् मी दाराला आतनं कडी लावून बसायची." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला पाजाय आलं असतं की गं मला."