काकू, हळू दाबा

"ॲप बंद तर पडून नाही राहिलं ना? मग झालं की!" असं म्हणून आमचे सर करंगळीने एंटर दाबायचे आणि मागे रेलायचे. नांदेडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते सगळ्यांत सीनिअर. असे सीनिअर तुम्हीही पाहिले असतील. वयाने मोठे, आवाजाने मोठे, बाकी कशानेच नाही.

मोबाइलवर स्क्रीन उघडताना त्यावरचं एखादं बटण प्रोग्रामला सापडलं नाही, की ॲप धाडकन बंद पडतं. का सापडलं नाही, हे शोधायचं असतं. सर शोधत नसत. 'नाही सापडलं तर सोडून दे' एवढी एक ओळ कोडमध्ये घालत आणि चहाला जात. ॲप चालू राहायचं, ते बटण मात्र दाबून काहीच व्हायचं नाही.

एका डायलिसिस सेंटरसाठी आम्ही नंबर लावायचं ॲप केलं होतं. एका सकाळी लोह्याच्या एक काकू ऑफिसात आल्या. सेंटरवाल्यांनीच आमचा पत्ता दिला होता. हातात लहानसा जुना फोन. खाली रिक्षात नवरा, पाय सुजून टरारलेले.

"कालपासून दाबून राहिले, माय. काहीच होईना. अन् तिथं म्हणतेत, तुमचा नंबरच न्हाई."

सर उठलेसुद्धा नाहीत. "काकू, हळू दाबा. जोरात दाबलं की असंच होतं."

त्या हळू दाबू लागल्या. पदराने काच पुसून पुन्हा हळू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेंटरला फोन करून, हातापाया पडून मी दुपारचा नंबर मिळवला. मग कोड उघडला. लहान स्क्रीनच्या मांडणीत त्या बटणाला वेगळंच नाव दिलेलं. प्रोग्राम दुसऱ्याच नावाने हाक मारत होता आणि सरांची ओळ ते गुमान झाकत होती. दहा मिनिटांचं काम.

"सर, ॲप बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"अन् क्लायंटनं मला झापलं असतं, त्याचं काय?"

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले, वरच्या हुद्द्यावर. निरोपाचा केक कापल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगू? कोडमध्ये चूक झाली म्हणून ती लाल अक्षरं आली की मला काही सुचतच न्हाई. अन् या वयात विचारायचं कुणाला?"

क्षणभर कीव आली. क्षणभरच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर बसून मी त्यांच्या तसल्या सगळ्या ओळी पुसल्या. ऑफिसातल्या फोनवर ॲप दिवसभर जागोजागी कोसळत राहिलं, आणि मी एकेक चूक हुडकत राहिले.