दौलतबुवांचा राम राम आणि लॅपटॉप

"हे काढ बे पयले! मी काय बह्यरा झालो?"

दौलतबुवांनी कानातलं इन-इअर उपसलं आणि माझ्या हातावर आपटलं. जानेफळच्या यात्रेचा मांडव भरलेला, कार्यक्रम सुरू व्हायची वेळ, आणि आमचे हीरो रुसलेले. इन-इअर म्हणजे कानात घालायचा छोटा स्पीकर. गायकाला मागची वाद्यं नीट ऐकू यावीत म्हणून. बुवांना ते म्हाताऱ्यांचं कानाचं मशीन वाटलं.

माझ्या कार्डावर 'साऊंड इंजिनिअर' छापलंय. मेहकरात सगळे माइकवालाच म्हणतात. बुवा खंजेरी भजनवाले. मिशीला कलप, डोक्याला फेटा, राग नाकाच्या शेंड्यावर. या यात्रेत तरुणपणापासून दरवर्षी गातात. पण यंदा कमिटीने अट घातली होती. मागे बुलडाण्याच्या पोरांचा बँड घ्यायचा. पब्लिक बसलं तर पुढच्या वर्षी बुवा, उठलं तर नुसता बँड. बुवा वरून बेफिकीर. पण मला सारखं विचारत होते, "लोकं बसले नं रे?"

बँडचा म्होरक्या सौरभ. त्याचं अर्धं संगीत लॅपटॉपमध्ये. बासरी, कोरस, सगळं आधीच भरलेलं. त्याला ट्रॅक म्हणतात. सोबत पोरांच्या कानात एक टिकटिक वाजते, ती क्लिक. सगळे त्या टिकटिकीवर वाजवतात. एकदा सुरू झाली की ती कुणाच्या बापासाठी थांबत नाही. रिहर्सल झकास झाली होती. पण रिहर्सलला अध्यक्ष नव्हते.

दुसरं भजन रंगात आलं आणि कमिटीचे अध्यक्ष मांडवात शिरले. उशिरा यायचा मान त्यांचाच. आमच्याकडे मोठा माणूस आला की भजन थांबवून त्याला राम राम घालायचा. नाही घातला तर तो वर्षभर तोंड वाकडं करून फिरतो. बुवांनी खंजेरी थांबवली.

"राम राम भाऊ! या, पुढं बसा. वहिनीचा गुडघा कसा हाय आता?"

लॅपटॉपला वहिनींच्या गुडघ्याचं काय? तो गातच सुटला. बुवा गुडघा आटोपून मुखड्यावर आले, तोवर बँड शेवटच्या अंतऱ्यात. पोरांना बुवांची खंजेरी ऐकूच येईना. "काका लय ठोकतात" म्हणून सौरभनेच ती पोरांच्या कानातून काढायला लावली होती. मांडवात हशा पिकला. मागे बायांनी चटया गुंडाळायला घेतल्या. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी सगळ्या गावाला दम देणारा हा माणूस घाबरला होता.

माझ्यासमोर मिक्सर. बुवांचा माइक बंद केला असता तर बँड छान वाजला असता आणि बुवा संपले असते. मी लॅपटॉप म्यूट केला.

पोरांच्या कानात एकदम सामसूम. सौरभने इन-इअर काढलं आणि स्टेजवरूनच मला हातवारे करून शिव्या घातल्या. मी खंजेरीकडे बोट दाखवलं. आधी ऑक्टोपॅडवाला बुवांच्या हातावर नजर ठेवून तालात आला. मग बेस गिटारवाला. शेवटी सौरभ, तोंड पाडून. बुवा पुढचा अंतरा विसरले आणि आधीचाच पुन्हा गायले. पोरंही पुन्हा वाजवत राहिली. चटया परत अंथरल्या गेल्या.

तेवढ्यात माजी सरपंच आले. बुवांनी खंजेरी थांबवली. या वेळी बँडही थांबला आणि सौरभ माइकवर म्हणाला, "राम राम भाऊ!" मांडव शिट्ट्यांनी दणाणला. पठ्ठ्या शिकला.

कार्यक्रम संपल्यावर सौरभ हसू दाबत माझ्याकडे आला. "काका, लॅपटॉप काऊन बंद पडला?"

"लाइन गेली असन."

"त्याले बॅटरी असते नं."

"मंग बॅटरी गेली असन."

अध्यक्षांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी बुवाच, अन् हे पोट्टेही. बुवा फेटा सोडत माझ्याजवळ आले. आता पाठीवर थाप पडणार, असं मला वाटलं.

"तुवाच बंद केलं नं ते?"

"हाव बुवा."

"मंग लवकर काऊन नाही केलं बे? निरा बावयट हायेस! त्या कोरसच्या बोंबीत वहिनीच्या गुडघ्याचं उत्तर मले ऐकूच नाही आलं!"

तेव्हापासून कुठल्याही गावात वायर टाकायच्या आधी मी एकच चौकशी करतो. इथं उशिरा येणारी मोठी माणसं किती? एक जरी असलं, तर बँडचा लॅपटॉप गाडीतच राहतो.