माझा लहान मेंदू

"मॅडम, तुमची जयंती तर अजून लांब हाय. आत्तापासूनच टाकायला लागल्या का?"

आमच्या सोसायटीची मीटिंग. पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मी बोलायला उठले होते. प्रवेशाच्या पायऱ्यांना कठडा लावा, एवढंच सांगायचं होतं. उठताना तोल गेला. पुढच्या खुर्चीची पाठ धरायला गेले, हात भलतीकडेच गेला. शब्द जड निघाले, एकमेकांवर घसरत. आणि सेक्रेटरी हे बोलले.

सगळे हसले. ज्यांच्या मुलांना मी घरी बसवून इंग्रजी शिकवलं, तेसुद्धा.

तुम्ही दोघं तिकडं लांब वाढलात, म्हणून फोड करून सांगते. जयंती म्हणजे भीमजयंती. 'तुमची' म्हणजे आपली. टाकणं म्हणजे दारू पिणं. तुमची आजी आयुष्यात दारूला शिवलेली नाही.

जन्मभर वर्गात उभी राहून बोलले. त्या दिवशी वाक्य अर्धंच सोडून खाली बसले.

मग दवाखाना. डॉक्टर तरुण बाई होत्या. "आजी, माझ्या बोटाला बोट लावा. आता नाकाला." बोट गालावर गेलं. "या फरशीच्या रेषेवर चाला. टाचेला पंजा लावून." जमलं नाही. मग त्यांनी पडद्यावर माझ्या डोक्याचं चित्र दाखवलं. मागं, अगदी खाली.

"हा लहान मेंदू. वयानं सगळ्यांचाच थोडा आकसतो. तुमचा जास्त झिजतोय. चाल, बोलणं, हाताचा अंदाज, हे तो सांभाळतो. दारूसुद्धा इथंच गोंधळ घालते, म्हणून लोकांना वाटतं, प्यालेत."

"बरा होईल?"

"नाही. व्यायामानं सावरता येईल."

मला दोनच शब्द ऐकू येत राहिले. लहान मेंदू. ते मी आधी ऐकले होते. फुलंब्रीच्या शाळेत मी इंग्रजीत पहिली आले तेव्हा गुरुजी वर्गाला म्हणाले होते, "पाठ केलं असेल. या लोकांचा मेंदूच लहान असतो." मी मान खाली घातली. त्याच खालच्या मानेनं एम.ए. केलं, नोकरी केली. साडीला इस्त्री, वेळेच्या आधी हजर, आवाज कधी चढवायचा नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा माझा नियम. आता माझं स्वतःचं बोटच जागेवर जात नव्हतं.

तुमचा बाबा फोनवर चिडला. "आई, मी सोसायटीच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकतो. कळू दे लोकांना, तू प्यायली नव्हतीस."

"टाकू नको."

"अगं, पण का?"

"रिपोर्ट माझ्या पायांचं उत्तर देईल. जयंतीचं नाही."

तरीही त्यानं टाकला. काळजीपोटी.

पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी हात जोडून उभे राहिले. "मॅडम, माफ करा. लहान मेंदूचं आम्हाला माहीत नव्हतं. आजार हाय म्हणल्यावर कठडा लावूच. संपला विषय."

मागं कुणीतरी 'लहान मेंदू' म्हणून खुदकन हसलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. थँक्यू म्हणायचं आणि बसायचं, एवढंच उरलं होतं.

मी उठले. पाय फाकवून उभी राहिले. आता तसंच उभं राहता येतं.

"मी आजारी नसते तर?"

"म्हणजे?"

"धडधाकट असते आणि नुसता पाय घसरला असता. तर तुम्ही बोललात ते बरोबर होतं?"

"अहो मॅडम, गमतीत म्हणलं. तुम्ही लई मनावर घेता."

"तुमच्यातलं कुणी धडपडलं तर त्याला असं म्हणता? तुमचा गणपती अजून लांब हाय म्हणून?"

आता कुणी हसलं नाही. माझं एकेक अक्षर सुटं पडत होतं. वेळ लागत होता. लागू दिला.

"माझ्या आजाराची माफी नको. 'तुमची जयंती' म्हणालात, त्याची मागा. इथंच. सगळ्यांसमोर."

ते मोबाईल बघायला लागले. "चला, पुढचा विषय."

कठडा लागला. तो धरूनच मी उतरते. त्यात उपकार कसला? उद्या तो सगळ्यांनाच लागणार आहे, सेक्रेटरींनाही.

माफी आलेली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, तपासण्यांवरून तरी हा आजार तुमच्यात उतरणारा दिसत नाही. तो टोमणा मात्र उतरतो. तिकडं त्याची भाषा वेगळी असेल. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

बोलणं आणखी जड होईल. एक दिवस कुणाला कळणारही नाही. तोवर दर मीटिंगला मी झुलत झुलत खाली जाणार, पाय फाकवून उभी राहणार आणि तोच प्रश्न विचारणार. त्यांना पुढचा विषय घ्यायचा असेल, तर आधी याचं उत्तर द्यावं लागेल.