शेवटाकडून सुरुवात

११ मार्च १९८१ रोजी संध्याकाळी कुरणाच्या मुकादमाने एका मजुराच्या हातावर तीनशे बेचाळीस रुपये उचल ठेवली. रोज नऊ रुपये, काम अडतीस दिवसांचं. खालच्या कुरणातला फड्या निवडुंग तोडून जमीन मोकळी करायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मजूर कोयता आणि पाटी घेऊन घराबाहेर पडला, तो परत आला नाही.

दुपारी मुकादम कुरणाच्या फाटकापाशी गेला. तिथला निवडुंग जसाच्या तसा उभा होता. एक फडाही तुटलेला नव्हता. "उचल खाऊन पळाला," असं मुकादम तिथेच म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

मजुराच्या बायकोला एवढं माहीत होतं की उचल त्याच्या खिशात नव्हतीच. आदल्या संध्याकाळीच किराणावाल्याची थकबाकी आणि खोलीचं भाडं त्यातून फिटलं होतं. तिने चार लोकांत विचारलं, "पळायला पैसे होते कुठे त्याच्याजवळ?" लोक म्हणाले, "मग पैशांसाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी पळाला असेल." तिने कुरणाच्याच गोठ्यावर दुधाच्या कॅन धुवायचं काम धरलं आणि आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे कापून घेत मुकादमाने तीनशे बेचाळीस रुपये पुरते वसूल केले.

तिचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. शाळेत, दुकानात, नळावर त्याची ओळख एकच राहिली: पळपुट्याचा.

आज तो मुलगा एक्कावन्न वर्षांचा आहे आणि त्याचा धंदा निवडुंग मारण्याचा आहे. शेतीमालाच्या दुकानात औषधाचे डबे उतरवता उतरवता तो फवारणी शिकला. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडावर मुखपट्टी. तोडलेल्या निवडुंगाचा तुकडा जमिनीला टेकला की मूळ धरतो, म्हणजे कोयत्याने एकाचे दहा होतात, हे त्याला दुकानात पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणून तणनाशक. प्रत्येक फडा दोन्ही बाजूंनी ओला झाला पाहिजे, आणि कुठला झाला, कुठला राहिला हे कळावं म्हणून औषधात निळा रंग मिसळायचा. तो रंग कपड्यांवरून उडतो, नखांतून निघत नाही. त्यामुळे लोक त्याला निळू म्हणू लागले. त्याला ते नाव आवडलं. आधीच्यापेक्षा कुठलंही चाललं असतं.

या कामातली एक गोष्ट मात्र त्याच्या अंगवळणी कधी पडली नाही. निवडुंग लगेच मरत नाही. औषध प्यायल्यावरही तो महिनोन्‌महिने हिरवा उभा असतो. मग पिवळा पडतो, मग फडे लोंबकळतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी आतून पोकळ होऊन बसतो. मधल्या काळात निळू त्या कुरणांवरून जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा. आपलं काय झालंय हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या घोळक्यातून जावं तसं त्याला वाटायचं.

घरी आई होती, आता बहात्तर वर्षांची. दोन खोल्या, एक खिडकी गोठ्याच्या बाजूला. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "मेला" म्हणायची. मेल्याने नळ दुरुस्त केला असता. मेल्याला भात मऊ लागायचा. "मेला आला ना, तर चहा नंतर. आधी दाराआडची केरसुणी," असं ती त्रेचाळीस वर्षं म्हणत आली होती, आणि काय काय बोलायचं हे तिने इतकं पक्कं करून ठेवलं होतं की निळूलाही ते पाठ झालं होतं.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि एका दुपारी उशीवरून म्हणाली, "आता केरसुणी उचलायची ताकद नाही. पण कुठे गेला ते तरी कळायला हवं होतं रे. नुसतं कळायला."

त्याच आठवड्यात कुरणाच्या मालकीणबाईंचा निरोप आला. म्हातारा मालक आणि मुकादम दोघेही केव्हाच गेले होते. मालकाची ही मुलगी आता सगळं पाहत होती. खालच्या कुरणात शिरलेल्या दोन गाई जिभेत काटे रुतून खायच्या बंद झाल्या होत्या. ते कुरण निळूने आधी दोनदा नाकारलं होतं. या वेळी आईनेच त्याला पंप काढायला लावला.

"जा. मेला कुठून पळाला ती जागा तरी बघून ये."

पाण्याचा टँकर फाटकापर्यंतच यायचा, म्हणून काम फाटकापासून सुरू झालं. टँकरवाला बडबड्या होता. पाणी भरून झालं तरी हलायचा नाही.

"निळूशेठ, तुमचं गिऱ्हाईक मरायला दोन वर्षं घेतं. आमचा पाहुणा असाच आहे. आला की उठत नाही."

"त्याला पण मार फवारा."

"मारला असता हो, बायकोचा भाऊ आहे."

फाटकाजवळ निवडुंगाची भिंतच होती. ती निळी करत करत निळू आत सरकला. पुढे एक टेकाड होतं आणि टेकाडापलीकडे उताराची खडकाळ जमीन, फाटकावरून न दिसणारी. तिथे निवडुंग विरळ होता. वर अगदी हद्दीशी फड्यांचा एक मोठा जुना गड्डा आणि दूर खाली तसाच दुसरा. दोहोंच्या मध्ये वाळक्या झुडपांत लपलेली सुटी रोपं.

तो वरच्या गड्ड्यापासून खाली निघाला. एक रोप झालं की पुढे पाहायचं, दिसलं की जायचं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो पुढे पाहतच नाहीये. पाऊल जिथे आपसूक थांबत होतं तिथे रोप होतं. पंपाचा पट्टा उजव्या खांद्याला टोचला आणि त्याने तो डावीकडे सरकवला, तर पायाशी रोप. परत उजवीकडे घेतला, तर पुन्हा रोप. कुणीतरी पुढे चालत असावं आणि आपण त्याच्या चालीवर चालत असावं, असं त्याला वाटलं. त्याने मुखपट्टी काढून हाक मारली, "कोण आहे?" मग स्वतःचीच लाज वाटून त्याने इकडेतिकडे पाहिलं. भर उन्हात कुरण रिकामं होतं.

पंप भरायला तो टेकाडावर परत चढला आणि सहज वळून पाहिलं.

झुडपांच्या राखाडी रंगात निळे ठिपके उठून दिसत होते. ती ओळ होती. वरच्या गड्ड्यापासून खालच्या गड्ड्यापर्यंत, मध्ये जरा वळण घेतलेली, माणूस मोठा दगड टाळून जातो तशी.

टँकरवाला पाण्याचा डबा घेऊन वर आला होता. "हे काय, कुंपण होतं वाटतं इथे? पाखरं तारेवर बसतात, बी टाकतात."

निळूने मालकीणबाईंना फोन लावला. "बाई, टेकाडामागे कधी कुंपण होतं का?"

"नाही हो. तिथे काहीच नव्हतं. आजोबांनी आड खणला होता म्हणतात, पाणी लागलं नाही म्हणून वर फळ्या टाकून झाकला. कुठे होता ते कुणाला ठाऊक नाही. का?"

"औषध पाण्याजवळ मारायचं नसतं. म्हणून विचारलं."

खरं तर त्याने त्यासाठी विचारलं नव्हतं. आईचं एक बोलणं त्याच्या डोक्यात घुमत होतं, मेल्याच्या खोडींमधलं: "जगाच्या उलटा होता. सगळे फाटकापासून काम धरतात, मुकादमाला दिसावं म्हणून. हा शेवटाकडून सुरुवात करायचा. म्हणायचा, रोज घर थोडं जवळ येतं."

मुकादमाने फाटक पाहिलं होतं. टेकाडापलीकडे कुणी गेलंच नव्हतं. त्या काळी तोडलेला निवडुंग गुरांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्ड्यात टाकत. वरच्या गड्ड्यापाशी तोडायचं, पाटी भरायची, खाली न्यायची. पाटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना एखादा तुकडा पडायचा, आणि पडलेला तुकडा मूळ धरायचा.

निळू फवारणीची लांब काठी घेऊन खालच्या गड्ड्यापाशी गेला. फड्यांच्या मधोमध त्याने काठी खुपसली. ती जमिनीला लागलीच नाही. कोपर आत गेलं, काटे बाहीत शिरले, तरी काठी नुसती खाली जात राहिली. मग त्याच्या पायाजवळ एक कुजकी फळी करकरली आणि तो झटकन मागे बसला.

"काय आहे तिथे?" टँकरवाल्याने वरून विचारलं.

"काही नाही," निळू म्हणाला.

तो तसाच बसून राहिला. आत्ता उठून पंप भरला, हा गड्डाही निळा केला, तर दोन वर्षांत सगळं वाळून आत कोसळेल. ओळही जाईल. आईला काही कळणार नाही आणि तिची केरसुणी दाराआड तशीच राहील. त्या केरसुणीवरच ती आजवर जगली, हे त्याला ठाऊक होतं. ती काढून घेतल्यावर काय उरेल, हे ठाऊक नव्हतं. पण "नुसतं कळायला" हे शब्दही तिचेच होते.

टँकरवाला उतरून जवळ आला. गड्ड्याकडे पाहिलं, निळूच्या बाहीतल्या काट्यांकडे पाहिलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

"फोन लाव," निळू म्हणाला. "दोर घेऊन माणसं बोलाव."

अग्निशमन दलाची माणसं दुसऱ्या दिवशी आली. गड्डा कापायलाच दुपार झाली. खाली वाळलेल्या फड्यांचा थर होता, त्याखाली मोडलेली फळी, आणि फळीखाली तो होता. जे उरतं तेवढा. सोबत पाटीची लोखंडी कडी आणि कोयता. कोयत्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीवर तांब्याच्या तारेची गाठ.

निळूने कोयता कागदात गुंडाळून घरी नेला. काय सांगायचं याची त्याने वाटेत जुळवाजुळव केली होती. ती कामी आली नाही. आईने कागद उघडला आणि तारेच्या गाठीवर अंगठा फिरवला.

"ही मी मारली होती," ती म्हणाली. "त्याच्या हाताला घट्टे पडायचे. कुठे?"

"टेकाडामागे. आडात."

"टेकाडामागे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. पण बराच तोडला होता. ओळ लागलीये."

"शेवटाकडून धरलं असणार काम," ती म्हणाली. "ऐकायचेच नाहीत ते."

निळूने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून "ते" त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून "मेला" हा शब्द तिने उच्चारला नाही. दूध नासलं तरी नाही, मांजराने भांडं पाडलं तरी नाही. केरसुणी दाराआडून निघून इतर केरसुण्यांत गेली.

मधली ओळ आधीच औषध प्यायलेली होती, त्याला इलाज नव्हता. पुढचे महिने निळू कामाला जाता-येता टेकाडावर थांबायचा. निळा रंग उन्हाने उडाला. रोपं हिरवीच होती, मग कडांनी पिवळी झाली. या एका कुरणावरून जाताना तो मान खाली घालत नसे. एकदा संध्याकाळी आईला त्याने टँकरमध्ये पुढे बसवून तिथे आणलं. ती टेकाडावर उभी राहिली आणि बोटाने रोपामागून रोप दाखवत गेली.

"इथे खांदा बदलला. इथे परत बदलला. उजवा दुखायचा त्यांचा."

टँकरवाल्याने तोंड फिरवून उगाच टायर पाहिले.

मालकीणबाई घरी आल्या. त्यांच्या हातात जाड पाकीट होतं. "वडिलांच्या वेळी जे झालं ते फार वाईट झालं. मी काय बोलू? हे ठेवा," त्या म्हणाल्या.

आईने पाकीट उघडलं नाही. "उचल तीनशे बेचाळीस होती, ती मी पुरी फेडली," ती म्हणाली. "पण त्यांनी एक दिवस काम केलं होतं. तो रोज मला मिळायचा आहे. नऊ रुपये."

"अहो, नऊ रुपये काय देऊ मी तुम्हाला?"

"मग किती देणार? रोज नऊच ठरला होता. तेवढे दिलेत की ठरलं, ते पळाले नव्हते, कामावर होते."

मालकीणबाई पाकीट घेऊन परत गेल्या. नंतर दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा पाकिटातली रक्कम वेगळी होती आणि दोन्ही वेळा आईने ते दारातूनच परत केलं. नऊ रुपये हातावर ठेवायला मालकीणबाईंना संकोच वाटतो, आणि नऊपेक्षा जास्त आई घेत नाही.

निवडुंगाची ओळ या मार्चमध्ये बसली. १२ मार्च १९८१ च्या कामाचा रोज, नऊ रुपये, अजून येणे आहे.