थोरल्या, धाकट्या आणि गंधाचा टिळा

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. आणि हसायचं तर मोकळेपणानं हसा, आमच्या घरातले अजून थांबलेले नाहीत!

आता काय सांगू तुम्हाला, मी देवासच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होते. साठ पोरांचा वर्ग असायचा, पण पाठमोरं पोर बघून नाव सांगायची. अशा बाईच्या हातून काय व्हावं?

झालं असं की शेजारचे मोहनभिया एका सकाळी खोकं घेऊन दारात उभे. खोक्यात दोन पिल्लं. तांबूस रंग, पांढरे पंजे, एक झाकावं आणि दुसरं काढावं इतकी सारखी.

"काकी, रख लो. नी तो गाड़ी के नीचे आ जाएँगे. सुई-वुई मैं लगवा दूँगा."

मी ठेवून घेतली. देवासात पूर्वी दोन राजांच्या दोन गाद्या होत्या, त्यामुळे इथं दोन म्हटलं की थोरली पाती आणि धाकटी पाती! तेव्हा नावं शोधायला लागलीच नाहीत. एक थोरल्या, दुसरा धाकट्या.

दोन महिन्यांत दोघांनी घर डोक्यावर घेतलं. चपला गेल्या, पायपुसणी गेली. एक दिवस आमचे हे दोघांना घेऊन टेकडीच्या पायथ्याशी फिरायला गेले. एकानं डावीकडे ओढलं, दुसऱ्यानं उजवीकडे, आणि हे मधल्या मध्ये रस्त्यावर बसले! घरी आले ते ठरवूनच आले.

"आपली सई बाळंतपणाला यायची आहे. पोटुशी पोर, आणि हे दोघं असे अंगावर उड्या मारतात. दोन महिन्यांत जो शहाणा होणार नाही, तो धारला दादाकडे जाईल."

दादा म्हणजे माझे थोरले दीर, भावजी. मांडूच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे. कुत्र्याचं तिथं काही वाईट झालं नसतं. पण ही दोघं एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपायची हो! एक उठला की दुसरा डोळे उघडायचा. त्यांना वेगळं करायचं मला काही पटेना.

मी सईला फोन लावला. ती म्हणाली, "आई, दोघांना एकत्र शिकवू नकोस. ते तुझ्याकडे बघणारच नाहीत, एकमेकांशीच खेळत बसतील. एकेकट्याला शिकव."

ठरलं! सकाळी थोरल्याचा वर्ग, संध्याकाळी धाकट्याचा. ज्याचा वर्ग नसेल तो मागच्या अंगणात.

आता ओळखायचं कसं? गळ्यात पट्टे घातले, तर याचा पट्टा त्यानं खाल्ला आणि त्याचा यानं. मग मला सुचलं. रोज पूजेला गंध उगाळतेच, त्यातलं एक बोट थोरल्याच्या कपाळी लावायचं. गंध दिसलं की थोरल्या, नाही दिसलं की धाकट्या. इतकं सोपं! मी स्वतःवर अशी खूश झाले की काही विचारू नका.

सकाळी पूजा आटोपून "थोरल्या!" अशी हाक मारायची. जो पहिला धावत यायचा त्याला गंध. हाकेला आला म्हणजे तोच, नाही का? मग बाफल्याचा, म्हणजे आमच्या माळव्यातल्या उकडून भाजलेल्या बाटीचा, तुकडा हातात घ्यायचा आणि "बैठ! रुक! हात दे!" थोरल्या आठवड्याभरात बसायला लागला.

संध्याकाळी मागचं दार उघडलं की कोरं कपाळ घेऊन एकजण पुढे यायचा. गंध नाही, म्हणजे धाकट्या. आणि हा धाकट्या काय हुशार म्हणून सांगू! थोरल्याला जे सकाळी घाम गाळून शिकवावं, ते याला संध्याकाळी आधीच येत असायचं! मी गल्लीभर सांगत सुटले, "थोरल्या मेहनती आहे हो, पण धाकट्याची बुद्धी काही औरच."

आलं ना लक्षात तुमच्या? मला नाही आलं! चपला तेवढ्या रोज गायब व्हायच्या. मी म्हणायची, हुशार पोरं थोडी खोडकर असतातच.

परीक्षेच्या दिवशी भावजी धारहून गाडी घेऊन आले. गाडीत मागे पोतं अंथरूनच आणलं होतं. ते पोतं मी बघून न बघितल्यासारखं केलं. ताठ मानेनं सगळ्यांना अंगणात बसवलं, थोरल्याला त्यांच्यासमोर ताजं गंध लावलं.

"बैठ!" बसला. "रुक!" थांबला. "हात दे!" पंजा पुढे.

"वा वहिनी! क्या बात है!" भावजी म्हणाले.

"हे काहीच नाही. आता धाकट्या बघा," मी म्हटलं. "बैठ!"

धाकट्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तमिळ बोलतेय.

"अरे, बैठ! लाजतोय हो, पाहुणे आहेत ना."

धाकट्या आरामात थोरल्यापाशी गेला आणि त्यानं त्याचं कपाळ चाटायला सुरुवात केली. लप लप लप! चार चाटण्यांत गंध साफ. मग ते कोरं कपाळ घेऊन थोरल्या उठला, माझ्यापुढे येऊन बसला, आणि आपणहून पंजा दिला. संध्याकाळच्या वर्गाला आला होता बिचारा!

भावजी पुढे वाकून बघायला लागले.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "हा आता कोण?"

हे हसून हसून खुर्चीवरून घसरले. "अगं, दोन महिने रोज दोन वेळा एकालाच शिकवलंस? आणि दुसरा मागे बसून माझ्या चपला खात होता?"

भावजी उठले. "चला, मग न शिकलेला मी घेऊन जातो. ठरलं होतं ना?"

मला एकदम रडूच आलं. लाज गेली तर गेली, मी धाकट्याला उचलून कडेवरच घेतलं. "भावजी, याला एक दिवससुद्धा कुणी शिकवलेलं नाही. याला नापास कसं करता? नापास करायचं तर मला करा!"

ह्यांचं हसणं थांबलं. माझ्याकडे बघत म्हणाले, "दादा, राहू दे. सई यायला पंधरा दिवस आहेत. तोवर हिला संधी देऊ."

भावजींनी पोतं गुंडाळलं आणि चहा पिऊन एकटेच धारला गेले.

मग मी कंबर कसली. धाकट्याच्या गळ्यात सईच्या जुन्या फ्रॉकची लाल पट्टी शिवूनच टाकली. पहिले चार दिवस फुकट गेले. मी ओरडले की तो पलंगाखाली. पाचव्या दिवशी माझा घसाच बसला. कुजबुजून म्हटलं, "बैठ रे राजा," आणि काय सांगू, टुणकन बसला! एवढा आवाज कशाला, असं त्याचं म्हणणं असावं. त्यानंतर तो भराभर शिकला.

सई आली तेव्हा दोघं दाराच्या दोन बाजूंना बसून होते. शेपट्या वळवळत होत्या, पण एकही उडी नाही. सई आत आली, खुर्चीत टेकली, मगच दोघं हळूच जाऊन तिचे पाय हुंगायला लागले. ह्यांनी तिथल्या तिथे धारला फोन लावला. "दादा, पोतं आता कांद्यांना वापर."

माझा आनंद काय वर्णावा! मी सईला सांगितलं, "हा थोरल्या, आणि हा बघ माझा धाकट्या. गुणाचा पोरगा."

धाकट्या तिच्या पायाशी उताणा लोळला. सई त्याच्या पोटावरून हात फिरवता फिरवता थांबली.

"आई, ही मुलगी आहे."

"काय?"

"अगं, कुत्री आहे ही! दोन महिने गंध लावत बसलीस, नुसतं उलटं करून बघितलं असतंस तर दोघं ओळखू आले असते!"

आता कुत्र्याला उताणं करून असलं काही बघायची मला सवय आहे का, तुम्हीच सांगा! कुंपणापलीकडून मोहनभिया म्हणाले, "काकी, हमको तो पहले दिन से मालूम था. हमने सोचा, लाड़ में धाकट्या बोलते होंगे."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. विषय बदलायला म्हणून मी घाईघाईनं सईकडे वळले. "ते राहू दे गं. तुझं पोट बघूनच मी ओळखलं, तुला मुलगी होणार. माझी नजर चुकायची नाही."

ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"सई, मुलाचंही एक नाव काढून ठेव गं."